श्रीतुकोबारायांचा एकांत

आषाढीच्या वाटेने चालताना प्रत्येक दिंडीत एक तरी माणूस असा दिसतो, की जो टाळ हातात घेतो पण पुढे सरकत नाही. शेवटच्या रांगेत, कडेने, खाली मान घालून चालतो. मुक्कामाला सगळे गोल करून गप्पांना बसले, की हा पाण्याची घागर घेऊन नदीकडे निघतो आणि बराच वेळ परत येत नाही. विणेकऱ्याने नाव घेऊन हाक मारली तर गोरामोरा होतो. बरे, हे झाले वाटेवरचे. घरी अशा माणसाचे आणखी हाल. कोणी आवाज चढवून बोलले तर ते चार दिवस जिवाला लागून राहते. स्वतःची हक्काची उधारी मागायची म्हटले तरी जिभेवर शब्द येत नाही. लग्नघरच्या गर्दीत दोन घटका बसला की अंगातले त्राण जाते. मग घरचे म्हणतात घुम्या, बाहेरचे म्हणतात बावळा, आणि तो बिचारा मनात म्हणतो की देवाने आपल्याला घडवतानाच कुठे तरी चुकवले.

अशी माणसे आम्हांस पुष्कळ भेटली आहेत. कोणी मोकळेपणी बोललाच तर विचारणे एकच असते, की हा स्वभाव टाकावा कसा. त्यांस आम्ही देहूच्या एका वाण्याची हकीकत सांगत आलो. सज्जनहो, आपण ती शंभर वेळा ऐकली आहे. चमत्कारांसह ऐकली आहे. पण त्या वाण्याचा स्वभाव कसा होता आणि त्या स्वभावाला घेऊन त्याने दुकान, बायको, पोरे, भाऊबंद नि गाव हे सगळे कसे निभावले, इकडे कथेकऱ्यांचे लक्ष कमी जाते. तेवढेच येथे सांगावे असा विचार आहे.

श्रीतुकोबारायांचा जन्म बहुतेक अभ्यासक शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ असा धरतात. घराणे मोरे यांचे, जातीने कुणबी, धंदा वाण्याचा. घरी विठ्ठलाची सेवा आठ पिढ्यांची, मूळपुरुष विश्वंभरबोवांपासून चालत आलेली. वडील बोल्होबा, आई कनकाई. तीन भाऊ : थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. गावची महाजनकी घरात होती, शेती होती, सावकारी होती. म्हणजे खाण्यापिण्याची ददात नव्हती.

बोल्होबा थकले तेव्हा त्यांनी व्यवहार थोरल्याच्या हाती देऊ केला. सावजी मुळातच विरक्त वृत्तीचे, त्यांनी तो घेण्याचे नाकारले. मग तराजू आला तुकोबांच्या हाती. परंपरा सांगते, वय तेव्हा तेराचे. आता विचार करा, तेरा वर्षांचे पोर, मनाने मऊ, आणि त्याला बसवले कुठे तर दुकानावर! तिथे घासाघीस आहे, खोटी शपथ आहे, गोड बोलून गळ्यात माल घालणे आहे. आईबाप पाठीशी होते तोवर ते निभले. त्या चार वर्षांत त्यांनी धंदा चांगला केला असेच चरित्रकार सांगतात, आणि आम्हांस ते खरे वाटते. हळव्या माणसाला काम येत नाही असे नसते. कामाच्या भोवतीचा गलबला त्याला सोसत नाही.

सतराव्या वर्षाच्या सुमारास आईबाप गेले. पाठोपाठ सावजींची बायको गेली. सावजींनी अंगावरचे वस्त्र तेवढे घेतले आणि ते तीर्थयात्रेला चालते झाले. पुन्हा देहूत आले नाहीत. दोघे भाऊ एकाच मातीचे, दोघेही अबोल, संसारात न रमणारे. एकाने दार उघडले आणि वाट धरली. दुसऱ्याच्या पदरी तेव्हा दोन बायका, धाकटा भाऊ नि दुकान. सावजींना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण पुढची सगळी कथा ज्याला कळायची असेल त्याने ही दोन भावांची जोडी डोळ्यांसमोर ठेवावी. तुकोबांपुढेही ती वाट रोज उघडीच होती.

दोन बायका कशा, तर पहिली रखमाई, तिला दम्याचा विकार. म्हणून बोल्होबांनी पुण्याचे सावकार आप्पाजी गुळवे यांची मुलगी जिजाई दुसरी करून आणली होती. तिलाच लोक आवली म्हणतात.

पुढे इ. स. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला. पाऊस गेला, गुरे मेली, गावेच्या गावे ओस पडली. परदेशी व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांतही त्या दुष्काळाची वर्णने आहेत. तुकोबांचे दिवाळे निघाले. रखमाई अन्नाविना गेली, आणि लहानगा संतू, तोही गेला. यांतल्या काही गोष्टी महाराजांनी स्वतःच एका अभंगात सांगितल्या आहेत, आणि तो अभंग आम्ही वाचतो तेव्हा दर वेळी एका गोष्टीने थबकतो. सुरुवातीलाच ते संकोचतात. स्वतःविषयी बोलणे बरे नव्हे, पण आपण संतांनी विचारले म्हणून सांगतो, असा त्याचा सूर आहे. आणि मग ते सांगतात काय? तर धंद्यात खोट आली तेव्हा आपल्याला लाज वाटली, दुःखाने जीव त्रासून गेला. थोर पुरुष आपल्या कथेत पराक्रम सांगतात. हे आपली लाज सांगतात! ज्याला चारचौघांच्या नजरेचे ओझे आयुष्यभर वाटले त्यालाच हे कळेल, की दिवाळे निघणे एक नि गावातून मान खाली घालून चालणे एक. दुसरे कधी कधी जास्त जड असते.

धंद्यातल्या त्यांच्या फजितीच्या गोष्टी महिपतीबोवांनी भक्तलीलामृतात दिल्या आहेत. मिरच्या विकायला कोकणात गेले, तर गिऱ्हाइकाने स्वतःच मापून घ्याव्या. सोन्याचा मुलामा दिलेले पितळ कोणी सोने म्हणून दिले, तर घ्यावे. एकदा जिजाईने आपल्या नावे खत लिहून दोनशे रुपये काढून दिले. महाराजांनी मीठ नेऊन विकले, दोनशेचे अडीचशे झाले. आणि परतताना वाटेत कर्जापायी शिपायांनी धरलेला एक ब्राह्मण रडताना दिसला, तर सगळी रक्कम त्याच्या सुटकेला देऊन हात हलवीत घरी आले. कीर्तनात या ठिकाणी श्रोते हसतात. हसू येतेच. पण कर्ज जिजाईच्या नावावर होते, हे हसता हसता ध्यानात ठेवावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या सगळ्या घावांनंतर तुकोबा देहूतून निघाले आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. चाकणच्या बाजूचा हा डोंगर, वर जुनी लेणी. परंपरा सांगते की ते तिथे पंधरा दिवस अन्नपाण्यावाचून एकटे राहिले. अंगावर साप-विंचू आले, वाघ आला, पण आसन हलले नाही, आणि पंधराव्या दिवशी त्यांचे मन निवले. शोधीत शोधीत कान्होबा तिथे पोचले.

येथेच सावजींची वाट नि तुकोबांची वाट वेगळी झाली. भाऊ बोलवायला आला आणि हे उठून त्याच्याबरोबर आले.

आले ते इंद्रायणीच्या काठी थांबले. कान्होबांना घरून सगळी खते-कागद आणायला लावली. वडिलार्जित सावकारीची येणी त्यात होती. दुष्काळाने मोडलेल्या कुळांच्या दारी जाऊन तगादा करायचा, त्यांची रडगाणी ऐकायची, वर डोळे वटारायचे, हे आपल्या हातून होणार नाही, हे तुकोबांनी ओळखले होते. त्यांनी कागदांच्या दोन वाटण्या केल्या. एक कान्होबांना दिली, तुम्ही आपला प्रपंच वेगळा करावा असे सांगून. आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. लोक खते बुडवल्याचे सांगतात, आणि ते सांगण्यासारखे आहेच. गरिबाचे ऋण फिटले. पण आम्हांस ती निम्मी वाटणी फार मोलाची वाटते. आपल्या मनाला जे सोसत नाही ते आपण सोडले, पण भावाच्या हक्काला हात लावला नाही. हळव्या माणसाचा एक दोष असतो, हे आम्ही अनुभवाने म्हणतो : स्वतःचा जीव वाचवताना तो कधी कधी दुसऱ्याचेही परस्पर बुडवतो आणि त्याला वैराग्य हे नाव देतो. महाराजांनी तसे केले नाही.

त्यानंतरचा त्यांचा दिवस कसा लागला ते पाहावे. पहाटे इंद्रायणीचे स्नान, घरच्या विठ्ठलाची पूजा, मग गाव सोडून भंडाऱ्याचा डोंगर. दिवसभर तिथे एकट्याने बसणे, ज्ञानेश्वरी नि नाथभागवत वाचणे, नामदेवरायांचे अभंग पाठ करणे, नामस्मरण. संध्याकाळी उतरून गावात. रात्री देवळात कीर्तन. डोंगर नि देऊळ, दोन्ही रोज. माणसांच्या गलबल्याने शिणलेला जीव डोंगरावर भरून घ्यायचा आणि भरलेला तो रात्री माणसांतच रिता करायचा. नुसता डोंगर धरला असता तर ते सावजी झाले असते. नुसते दुकान धरले असते तर, आम्हांस वाटते, ते लवकर मोडून पडले असते. रानातली झाडे नि पाखरे यांनाच गणगोत मानून त्यांनी एकांताचे सुख गायिले, तो अभंग पोरासोरांना पाठ आहे. पण तो गाणारा माणूस रोज सांजेला खाली उतरत होता, हे विसरू नये.

आणि हे कीर्तन तरी त्यांस एका दिवसात आले काय? छे! त्याच अभंगात त्यांनी सगळे सांगून ठेवले आहे. घरचे देऊळ मोडकळीस आले होते ते दुरुस्त करावे असे मनात आले, म्हणून प्रथम ते काम धरले. स्वतः माती कालवली. बोलायचे काही नाही, हातांनी करायचे, असे काम आधी. मग एकादशीचे कीर्तन सुरू केले, तर अभ्यास नव्हता. म्हणून संतांची वचने पाठ केली. आणि पुढे जे गात त्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. मागे उभे राहून! पुढे ज्यांच्या नावाने सारी मराठी दुमदुमली, आणि ज्यांच्या गाथ्याच्या १९५० सालच्या सरकारी प्रतीत ४,६०७ अभंग भरले, ते महाराज आरंभी दुसऱ्याच्या पाठीमागे उभे होते. किती दिवस, ते कोणी लिहून ठेवले नाही. माघ शुद्ध दशमीस बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात अनुग्रह झाला, नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, आणि मग वाणी फुटली.

गर्दीत कोणाचे ऐकायचे नि कोणाचे नाही, याचाही त्यांनी एक निवाडा करून ठेवला होता. खरे-खोटे ठरवताना आपल्याच मनाला साक्षीला घेतले, बहुमताकडे पाहिले नाही, असे ते सांगतात. सोयऱ्याधायऱ्यांचे सल्लेही मानले नाहीत. ज्याचे मन प्रत्येकाच्या बोलण्याने डुगडुगते त्याला असा एक खुंटा लागतोच.

आता जिजाईविषयी. तिच्यावर कथेकऱ्यांनी फार अन्याय केला आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. ती कजाग, ती देवाला शिव्या देणारी, ऊस पाठीत मोडणारी. मोळीभर ऊस कोणी दिला, महाराजांनी वाटेत पोरांना वाटला, एक उरला तो घरी आणला आणि तिने तोच त्यांच्या पाठीवर मोडला, ही गोष्ट सांगून हशा पिकवायचा. अहो, पण त्या घरात चूल कोण पेटवत होते? दाणे कुठून येत होते? कर्ज कोणाच्या नावावर होते ते वर आलेच आहे. दिवसभर डोंगरावर बसणाऱ्या नवऱ्याला भाकरी पोचवल्यावाचून ती स्वतः जेवत नसे. उन्हातान्हात भंडाऱ्याची चढण चढताना पायात काटा मोडला आणि देवाने तो काढला अशी कथा आहे. काटा देवाने काढला, पण अनवाणी चढत होती ती. तुकोबांच्या एकांताची किंमत तिने भरली. तिच्या बोलण्याने त्या मऊ मनाला किती लागत असेल ते आपण समजू शकतो. पण अबोल नवऱ्याबरोबर जन्म काढणे हेही सोपे नसते. तिने ओरडून ते काढले. महाराजांनी तिला टाकले नाही, तिनेही त्यांना टाकले नाही. काशी, भागीरथी, गंगा या मुली नि महादेव, विठोबा, नारायण हे मुलगे या घरात वाढले.

मुलींच्या लग्नाची गोष्ट मात्र सांगतोच. स्थळे पाहत फिरायचे, बैठकी करायच्या, देण्याघेण्याची बोलणी करायची, हे महाराजांच्याने कुठचे व्हायला! जिजाईने फारच धोशा लावला तेव्हा ते बाहेर पडले, वाटेवर खेळणारी आपल्या जातीची तीन पोरे हाती धरून आणली, आणि तिन्ही मुलींची लग्ने लावून टाकली, असे महिपतीबोवा सांगतात. नंतर मंडळींनी रीतसर चार दिवसांचा सोहळा केला म्हणे. कोणी हा कित्ता गिरवावा असे आमचे म्हणणे नाही!

हळव्या माणसाला मार बसला म्हणजे तो काय करतो? बहुधा कवाड लावून घेतो. देहूत मंबाजी गोसावी महाराजांचा हेवा करी, पण कीर्तनाला येऊन बसे. सासऱ्याने दिलेली म्हैस एके दिवशी त्याच्या बागेत शिरली. पुढे वाटेवरच्या त्याच्या काट्यांच्या कुंपणाचे निमित्त झाले आणि त्याने काटेरी फांद्यांनीच महाराजांना झोडपले. जिजाईने अंगातले काटे काढले. त्या रात्री एकादशीचे कीर्तन होते. मंबाजी आला नाही. तेव्हा महाराज स्वतः त्याच्या घरी गेले, मारून मारून हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपले, आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले. आम्ही हा प्रसंग बरेच दिवस क्षमेचे उदाहरण म्हणून सांगत होतो. आता आम्हांस त्यात आणखी एक दिसते. दुसऱ्याच्या दुखण्याची चाहूल ज्याला आधी लागते असाच माणूस मंबाजीच्या रिकाम्या जागेकडे पाहून बेचैन होईल. ज्या मऊपणाने धंदा बुडवला, त्याच मऊपणाने त्या रात्री मंबाजीला उठवून आणले.

सर्वांत मोठा घाव मात्र रामेश्वरभटांच्या निषेधाचा. शूद्राने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगू नये, वह्या बुडवाव्या, असे ठरले. तुकोबांनी वाद घातला नाही. चार पंडितांत उभे राहून भांडावे हा त्यांचा पिंडच नव्हे. वह्यांना दगड बांधून त्यांनी आपल्या हातांनी त्या इंद्रायणीत सोडल्या. ज्या डोहात एकदा सावकारी बुडवली होती त्या नदीतच आता जीवाचे जे काही होते ते गेले. पहिल्या वेळी मन हलके झाले होते. या वेळी ते तेरा दिवस देवाच्या दारी शिळेवर अन्नपाणी सोडून पडून राहिले. आणि याविषयी ते स्वतः सांगतात, की त्या आघाताने आपले चित्त दुखावले. दुखावले म्हणतात, सज्जनहो! मला काही वाटले नाही, मी समत्वात होतो, असे म्हणत नाहीत. वह्या कोरड्या वर आल्या, रामेश्वरभट पुढे शिष्य झाले, हे सर्वश्रुत आहे. पण दुखावल्याची ती कबुली त्यांनी नंतरही पुसून टाकली नाही.

पुढे कीर्ती वाढली. संताजी जगनाडे, गंगाराम मवाळ असे टाळकरी जोडले गेले. आजोळी लोहगावात कीर्तनांना लोटलेली माणसे, कोल्हापुराहून देहूला आलेल्या बहिणाबाई. आणि बहिणाबाईंची गोष्ट तर वेगळीच सांगायला हवी, तीही अशीच, वासरू गेले म्हणून शुद्ध हरपलेली पोर. शिवाजी महाराजांनी मानाची भेट पाठवल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. दिवट्या, छत्री, घोडे, जवाहीर. तुकोबांनी ती परत केली. निःस्पृहपणा तर खराच. पण मानाची त्यांना भीती वाटे, शिसारी येई, हे गाथेत जागोजाग आहे. निंदेने जसा जीव कासावीस होतो तसाच स्तुतीने. कीर्तन आटोपून लोक पाया पडू लागले की त्यांस भंडारा आठवत असेल, असे आम्हांस नेहमी वाटते.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया, इ. स. १६५०. त्या दिवशी महाराज गेले. जिजाई तेव्हा गरोदर होती. पुढे मुलगा झाला, त्याचे नाव नारायण. बापाला त्याने पाहिले नाही. आईच्या तोंडून जे कळले असेल ते. इ. स. १६८५ मध्ये याच नारायणबोवांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून माउलींच्या पादुका बरोबर घेतल्या, आणि टाळमृदंगांच्या गजरात सगळा समाज पंढरीच्या वाटेला लावला.